सातबारा, ऊसबिल आणि बी-२

आपल्या कॉलेजात व्हिसा हा शब्द निघाला की पुढचा शब्द 'एफ-१' हाच असतो. जीआरई, टोफेल, युनिव्हर्सिटीची यादी, आय-२०, मग मुंबईची फेरी... यावर कॅंटीनमध्ये रोज एक तरी व्याख्यान फुकट मिळतं. पण आणखी एक व्हिसा असतो, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण तो आपल्याला लागत नाही. तो लागतो आपल्या आई-वडिलांना. बहीण किंवा भाऊ तिकडे स्थायिक झाला, घरात पाळणा हलणार म्हटलं की आई एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पासपोर्ट घेऊन आपल्यासमोर उभी राहते, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना? मग हे भरून दे!" इंजिनिअरिंगचा आणि फॉर्म भरण्याचा काय संबंध, हे विचारायची सोय नसते. तर मित्रांनो, असा एक फॉर्म मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या क्लिकपर्यंत भरला आहे, त्याची ही हकिगत आणि त्यातून कळलेले नियम.

आधी आमची परिस्थिती सांगतो, कारण या व्हिसात परिस्थितीच महत्त्वाची असते. माझी ताई आणि दाजी ओहायो राज्यात कोलंबसला असतात. ताई एच-१बी वर नोकरी करते. २०२४ च्या जुलैत तिनं गोड बातमी सांगितली, फेब्रुवारी २०२५ ची तारीख होती. तिच्या सासूबाईंचे गुडघे इतके दुखतात की त्यांना आपल्या घराचा जिनाही चढवत नाही, म्हणून आईनं जायचं ठरलं. आई इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी राहते. बाबा जाऊन चार वर्षं झाली. दोन एकर ऊस आहे, आई ब्लाऊज शिवते, बचत गटाची खजिनदार आहे. नोकरी नाही, पगाराची स्लिप नाही, इन्कम टॅक्सचं रिटर्न नाही. आणि एकुलती एक मुलगी अमेरिकेत. ज्यांना थोडीफार माहिती होती ते सगळे हे ऐकून मान हलवायचे, "अवघड आहे बुवा."

अवघड का, ते समजायला अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २१४(बी) बघावं लागतं. आपण कोर्टाबद्दल ऐकलेलं असतं की गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. इथे उलटं आहे. पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस कायमचं राहायलाच निघाला आहे असं कायदा धरून चालतो, आणि तसं नाही हे पटवायची जबाबदारी मागणाऱ्याची. एसईला डिजिटल शिकलेल्यांना हे एका वाक्यात कळेल. ७४ सिरीजच्या टीटीएल गेटचं इनपुट मोकळं सोडलं तर ते आपोआप '१' धरलं जातं की नाही? तसंच. तुम्ही काही बोलला नाहीत, गुळमुळीत उत्तर दिलंत, तर इनपुट '१', म्हणजे 'हा परत येणार नाही'. ते '०' वर आणायचं तर खाली ओढणारं काहीतरी हवं. इंग्रजीत त्याला 'टाईज' म्हणतात, मला आपला 'पाळंमुळं' हा शब्द जास्त बरोबर वाटतो. इथली जमीन, घर, धंदा, माणसं, परत यायचं कारण.

यातूनच एक गोष्ट निघते, जी बहुतेकांना पटत नाही. तिकडच्या मुलाचा किंवा मुलीचा पगार, त्यांचं बँक स्टेटमेंट, नोटरी केलेलं निमंत्रण पत्र यांचा भाव आपण समजतो तितका नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं स्पष्ट म्हटलं आहे की पर्यटक व्हिसासाठी निमंत्रण पत्र किंवा आर्थिक हमीपत्र लागत नाही. अर्जदार स्वतःच्या इथल्या मुळांवर पात्र ठरला पाहिजे, नातेवाइकांच्या आश्वासनांवर नाही. ताईनं उत्साहानं जाडजूड फाईल कुरिअर करायचं ठरवलं होतं, तिला म्हटलं, एक साधं पत्र आणि तुझ्या व्हिसाची प्रत ईमेल कर, बास.

आता तालुक्याच्या गावचे एक एजंट. (नाव नको.) त्यांनी आईला दोन सल्ले दिले. पहिला, मुलगी तिकडे आहे हे लिहूच नका, 'फिरायला चालले' म्हणा. दुसरा, कोणाकडून तरी आठ-दहा लाख महिनाभर खात्यात फिरवून घ्या. फी पाच हजार! आई गोंधळली, कारण माणूस आत्मविश्वासानं बोलत होता. मला मात्र ऐकूनच घाम फुटला. व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा खोटी सांगितली आणि ते उघड झालं, तर तो साधा नकार राहत नाही. त्याच कायद्यात त्यासाठी कायमच्या अपात्रतेची तरतूद आहे. साधा २१४(बी) चा नकार मिळाला तर माणूस पुन्हा अर्ज करू शकतो, खोटेपणाचा शिक्का बसला तर मुलीच्या घराचं दार आयुष्यभरासाठी बंद होऊ शकतं. आणि मुलगी लपवायची तरी कशी? तिच्या स्वतःच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये आईचं नाव आधीच लिहिलेलं आहे! पैशाचंही तेच. सहा महिने चार-चार हजाराच्या नोंदी असलेल्या पासबुकात अचानक दहा लाख आले तर ते आपलेच पैसे आहेत असं शेंबड्या पोरालाही वाटणार नाही. आम्ही एजंटना नमस्कार केला आणि गणपतीच्या सुट्टीत मी घरी बसून फॉर्म उघडला.

फॉर्मचं नाव डीएस-१६०. तो पूर्ण ऑनलाईन आणि इंग्रजीत भरायचा. सुरुवातीलाच एक ॲप्लिकेशन आयडी मिळतो, तो वहीत लिहून ठेवा, कारण वीसेक मिनिटं काही केलं नाही की पान बंद पडतं आणि परत आत शिरायला तोच आयडी लागतो. गावाकडची लाईट लक्षात घेता दर पानाला 'सेव्ह' दाबणं हा एकच मंत्र. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, फाईल चौरस, ६०० ते १२०० पिक्सेल आणि २४० केबीच्या आत. चष्मा चालत नाही, नोव्हेंबर २०१६ पासून बंद आहे. फोटोग्राफरला हे आधीच सांगा, नाहीतर तो मागे निळा पडदा लावून मोकळा होतो.

खरी गंमत पुढे सुरू होते. हा फॉर्म अमेरिकेत बसून कोणीतरी बनवला आहे आणि आपलं आयुष्य त्याच्या चौकटीत मुळीच मावत नाही.

पहिला प्रश्न नावाचा. 'तुम्ही दुसरं कोणतं नाव कधी वापरलं आहे का?' आमच्याकडे लग्नात तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायची पद्धत आहे. आईचं माहेरचं नाव वेगळं, बापाचं नाव वेगळं, आडनाव वेगळं. म्हणजे तिच्या शाळेच्या दाखल्यावरची बाई आणि सातबारावरची बाई यांच्यात एक अक्षरही सारखं नाही! अनेक जण इथे 'नाही' ठोकून देतात, कारण 'दुसरं नाव' म्हणजे काहीतरी टोपणनाव किंवा भानगड असं वाटतं. पण त्या प्रश्नात माहेरचं नावही धरलेलं आहे. म्हणून 'होय', आणि पूर्ण माहेरचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल आणि सगळं नाव एकाच रकान्यात असेल तर त्यासाठी वेगळ्या सूचना आहेत, त्या नीट वाचा. फॉर्मवर पासपोर्टपेक्षा एक अक्षरही वेगळं करायचं नाही.

दुसरा प्रश्न जन्मतारखेचा. आईची जन्मतारीख १ जून. तुमच्यापैकी निम्म्यांच्या आजी-आजोबांचीही १ जूनच असेल, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लावली ती तारीख. खरी कोणती, तर "दिवाळी झाल्यावर, सुगीत." ही माहिती डीएस-१६० मध्ये बसत नाही. पासपोर्टवरची तारीख लिहायची आणि पुढे जायचं. आईच्या आई-वडिलांची जन्मतारीख मात्र कोणालाच माहीत नव्हती, पासपोर्टवरही नसते. तिथे 'माहीत नाही' असा चौकोन असतो, त्यावर टिक केली. अंदाजानं तारीख ठोकण्यापेक्षा हे बरं.

मग व्यवसाय. आईचं म्हणणं होतं, "घरकाम लिही." मी म्हटलं, शेती कोण बघतं? बांधावर कोण जातं? कारखान्याची चिठ्ठी कोण आणतं? "मीच की." मग घरकाम कसं? यादीत शेती हा पर्याय आहे, तो निवडला. पण लगेच पुढचा रकाना, मासिक उत्पन्न किती? आता उसाचं बिल महिन्याला येतं का? हप्त्यानं येतं, तेही कारखान्याच्या मर्जीनं. वर्षाची ऊसबिलं मांडली, खत-बियाण्याचा खर्च वजा केला, शिवणकामाचे पैसे मिळवले, बाराने भागलं. जो आकडा आला तो छोटा होता. आई म्हणाली, "एवढाच?" मी म्हटलं, एवढाच. तोच लिहिला. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही, त्यामुळे रिटर्न का नाही याचं उत्तरही त्यातच आलं. त्याऐवजी आम्ही फाईलमध्ये सातबारा, कारखान्याची बिलं आणि बँकेचं पासबुक लावलं. खर्च कोण करणार या प्रश्नाला 'मुलगी' असं खरं उत्तर दिलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मुलगी आईला बोलावते तेव्हा तिकीट तीच काढते.

'तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा जमातीचे आहात का?' या प्रश्नावर आईनं देवक, कुळस्वामी, गोत्र सगळं क्रमानं सांगायला सुरुवात केली. तिला थांबवून मी 'नाही' लिहिलं, त्यांना अभिप्रेत असलेली टोळीव्यवस्था आपल्याकडची नव्हे. 'कोणत्या सामाजिक संस्थेत काम केलं आहे का?' इथे मात्र बचत गट लिहिला. गेल्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची खातीही विचारतात, २०१९ पासून. आईचं फेसबुक मीच काढून दिलेलं, त्यावर रोज एक 'शुभ सकाळ' आणि बाकी रांगोळ्या. तेही लिहिलं.

शेवटी सुरक्षेचे प्रश्न, पानामागून पानं. दहशतवाद, हेरगिरी, मनी लाँडरिंग, नरसंहार, लहान मुलांची सैन्यात भरती... फॉर्मवर सही म्हणजे शेवटी अर्जदाराचीच जबाबदारी, म्हणून मी प्रत्येक प्रश्न मराठीत करून आईला विचारला. ती शिवणयंत्रावर बसून "नाही... नाही... नाही गं बाई..." म्हणत होती. नरसंहाराला तिनं यंत्र थांबवलं. "हे सगळ्यांना विचारतात?" "सगळ्यांना." "आणि 'होय' कोण म्हणतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फॉर्म झाला की फी. १७ जून २०२३ पासून बी व्हिसाची फी १८५ डॉलर आहे (त्याआधी १६० होती). आम्ही भरली तेव्हा रुपयांत साडेपंधरा हजारांच्या आसपास गेले. व्हिसा मिळो न मिळो, फी परत मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये झालेल्या अमेरिकी कायद्यात वर आणखी २५० डॉलर आकारायची तरतूद आहे, तेव्हा पैसे भरायच्या दिवशीच अधिकृत संकेतस्थळावरचा आकडा बघा. दोन अपॉइंटमेंट घ्यायच्या असतात. एक फोटो आणि बोटांच्या ठशांची, दुसरी मुलाखतीची.

आणि इथेच आमचं घोडं अडलं. मुलाखतीची लवकरात लवकर तारीख मिळाली ती एप्रिल २०२५ ची. बाळ फेब्रुवारीत येणार होतं. या रांगेचा इतिहास मोठा आहे. कोविडमध्ये कामकाज बंद होतं, त्याचा बॅकलॉग (आपल्या के.टी.सारखाच) साचत गेला आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना हजार दिवसांच्या जवळपास थांबावं लागेल असे आकडे दिसत होते. त्या काळात लोक बँकॉकला जाऊन मुलाखत देऊन येत. सप्टेंबर २०२५ पासून तोही रस्ता आटला, आता आपण ज्या देशाचे नागरिक किंवा रहिवासी आहोत तिथेच अर्ज करावा असा नियम आहे. तातडीची अपॉइंटमेंट नावाची सोय आहे, पण ती जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, गंभीर आजार, उपचार अशा कारणांसाठी. लग्न, पदवीदान समारंभ आणि गरोदर नातेवाइकाची मदत ही कारणं त्यात बसत नाहीत असं चक्क नाव घेऊन लिहिलेलं आहे. मी ते वाक्य आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. डिंक, खारीक, खोबरं आणायला सांगितलं आणि लाडू करून दाजींच्या ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर पाठवून दिले. फेब्रुवारीत भाची झाली. आईनं तिला पहिल्यांदा पाहिलं ते मोबाईलवर, रात्री दीड वाजता. बारसंही तसंच झालं. इकडे आई पाळणा म्हणत होती आणि तिकडे आवाज दोन सेकंदांनी पोचत होता.

म्हणून सांगतो, बाळंतपणाला आईनं जायचं असेल तर बातमी कळल्यावर नाही, त्याच्या कितीतरी आधी, अगदी लग्न झाल्याझाल्या अर्ज करा. व्हिसा मिळाला तर भारतीयांना तो साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो, पडून राहिला तरी नासत नाही. तारीख बदलायची तर १ जानेवारी २०२५ पासून एकदाच फुकट बदलता येते, नंतर फी पुन्हा भरावी लागते. त्यामुळे उगाच हात लावत बसू नका.

एप्रिलमध्ये आम्ही मुंबईला गेलो. पूर्वी अमेरिकन वकिलात ब्रीच कँडीला 'लिंकन हाऊस'मध्ये होती, मूळचा तो वांकानेरच्या महाराजांचा वाडा. समुद्राच्या वाऱ्यात फुटपाथवर रांगा लागायच्या असं जुने लोक सांगतात. २०११ च्या नोव्हेंबरपासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आदल्या दिवशी ठसे. डावी चार बोटं, उजवी चार, मग दोन्ही अंगठे. ज्यांचे हात मातीत आणि भांड्यात गेले त्यांचे ठसे मशीनला लवकर दिसत नाहीत, रेघाच झिजलेल्या असतात. आईचे तिसऱ्या वेळी उठले. कामाला जाणाऱ्या आयांना आठवडाभर आधीपासून हाताला खोबरेल लावायला सांगा, ठसे देताना मात्र हात कोरडे आणि स्वच्छ.

मुलाखतीला सोबत कोणालाही सोडत नाहीत, मोबाईलही नाही. त्यामुळे आत काय झालं ते मी आईच्या तोंडून ऐकलं. एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते की मुंबईत मुलाखत मराठीतही देता येते. आईला इंग्रजीतली दहा वाक्यं पाठ करून घ्यायचा ताईचा बेत होता, मी हाणून पाडला. पाठ केलेलं उत्तर एक्स्टर्नलला जसं कळतं तसंच तिथेही कळतं. तयारी म्हणून फक्त एवढंच केलं की फॉर्मची प्रिंट काढून आईला सगळी उत्तरं मराठीत वाचून दाखवली. फॉर्मवर एक आणि तोंडात दुसरं, असं होऊ नये म्हणून.

काचेच्या पलीकडे गोरी बाई, शेजारी दुभाषा. कशाला चालला? मुलीला बाळ झालं, बघायला. मुलगी काय करते? किती दिवस? "मे मध्यात जाणार, जुलै संपायच्या आत येणार." एवढेच दिवस का? "आडसाली लागण करायची असते." इथे म्हणे दुभाषा जरा अडखळला. मग आईनं हातानं सरीत कांडी कशी टिपतात ते दाखवलं. शेत कोण बघेल? "दीर आहेत, पण लागणीला मीच लागते." मग विचारलं, इथे घरात आणखी कोण? "मुलगा आहे. इंजिनिअरिंगला, त्याची अजून दोन वर्षं आहेत." जमिनीचा कागद, बिलं, ताईचं पत्र, काहीच मागितलं नाही. तीन मिनिटांत पासपोर्ट ठेवून घेतला. पासपोर्ट ठेवून घेणं म्हणजे व्हिसा मंजूर, हे आईला ठाऊक नव्हतं. ती रडवेली होऊन बाहेर आली, "अरे, माझा पासपोर्टच काढून घेतला!"

त्या मुलाखतीतलं एक उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. डीएस-१६० मध्ये माझं नाव कुठेही नव्हतं. तो फॉर्म अमेरिकेत तुमचं कोण आहे हे खोदून विचारतो, इथे मागे कोण राहतंय ते विचारत नाही. ते आईनं तोंडी सांगितलं. म्हणजे दोन एकर उसाच्या बरोबरीनं मीही तिचं एक मूळ होतो. आणि माझ्या हॉस्टेलच्या टेबलावर तेव्हाही जीआरईचं पुस्तक होतं, आजही आहे. दोन्ही मुलं तिकडे असली म्हणून आई-वडिलांना आपोआप नकार मिळतो असं मुळीच नाही, तशा कितीतरी जोडप्यांना व्हिसा मिळतो आणि ती वेळेवर परतही येतात. पण उद्या मी एफ-१ च्या खिडकीसमोर उभा राहीन तेव्हा मला परत यायचं कारण विचारतील, आणि मी सांगेन, गावाकडे आई एकटी आहे. पुढे कधी तिला पुन्हा विचारतील, घरात कोण आहे, तेव्हा ती काय सांगेल? पुस्तक अजून वर्बलच्या पहिल्या भागातच आहे. असो.

नकार मिळाला असता तर? हेही सांगायला हवं, कारण अनेकांना मिळतो. हातात एक छापील कागद देतात, त्यावर २१४(बी) लिहिलेलं असतं. त्यावर अपील नाही. पण बंदीही नाही, नवा फॉर्म आणि नवी फी भरून पुन्हा जाता येतं. तोच फॉर्म, तीच परिस्थिती घेऊन पुढच्या महिन्यात गेलात तर बहुधा तेच उत्तर मिळेल, काही बदललं असेल तर जावं. पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये 'आधी नकार मिळाला होता का' याला 'होय' लिहावं लागतं. कागदावर २२१(जी) असेल तर गोष्ट वेगळी. काहीतरी कागद किंवा तपासणी बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांना मुलाखत माफ असायची, ती सवलत २०२५ च्या सप्टेंबरपासून सरसकट राहिलेली नाही.

व्हिसा आला म्हणजे झालं, असं समजू नका. सगळ्यात मोठा घोटाळा याच्या पुढे होतो. पासपोर्टवर दहा वर्षांची तारीख बघून लोकांना वाटतं, आता हवं तितकं राहा. व्हिसा हे फक्त दारापर्यंत जाऊन कडी वाजवायचं पत्र आहे. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते, बी-२ ला साधारण सहा महिने. पूर्वी तो कागद पासपोर्टला टाचून देत, विमानानं जाणाऱ्यांसाठी २०१३ पासून तो कागद गेला, नोंद ऑनलाईन बघायची. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ती उघडून तारीख तपासायची आणि फ्रीजवर चिकटवायची हे ताईचं काम. त्या तारखेनंतर एक दिवसही राहिलं तर दहा वर्षांचा व्हिसा तिथेच रद्द होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं, वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं प्रवेशबंदी.

तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा. वैद्यकीय विमा काढाच, आणि जुन्या आजारांबद्दल त्यात काय लिहिलंय ते बारीक अक्षरांत वाचा. तिथे पहिल्या ज्या विमानतळावर उतराल तिथेच इमिग्रेशन होतं, शेवटच्या गावी नाही, तिथेच बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. आईच्या पर्समध्ये मी एक कागद ठेवला होता. वर ताईचा पत्ता आणि फोन, खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'मला इंग्रजी येत नाही, कृपया मराठी किंवा हिंदी दुभाषा द्या', आणि परतीच्या तिकिटाची प्रत. बॅगेत खायचं काय आहे ते विचारलं तर सगळं खरं सांगायचं. ताजी फळं, बिया, रोपं नेऊच नयेत. आईला तिकडच्या परसात लावायला घेवड्याचं बी न्यायचं होतं, ते मी आदल्या रात्री बॅगेतून काढलं. त्याबद्दल ती अजून बोलते.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आई परत आली. लागण वेळेत झाली. बोर्डिंग पास मी फाईलला लावून ठेवला आहे, वेळेवर बाहेर पडल्याचा आपल्याकडेही पुरावा असावा म्हणून. ही बातमी गावात पसरल्यापासून मी आणखी चार जणांचे फॉर्म भरले आहेत, त्यातल्या तिघांची जन्मतारीख १ जूनच निघाली. कोणाच्या घरी असा फॉर्म भरायचा असेल तर जरूर सांगा. येताना पासपोर्ट, आईच्या माहेरचं पूर्ण नाव, आणि तिकडच्या माणसाचा पत्ता पिनकोडसकट घेऊन या. फक्त सबमिशनच्या आठवड्यात येऊ नका, माझी स्वतःचीच जर्नल्स तेव्हा '२२१(जी)' मध्ये असतात.